विरुद्ध एक

तारळेकर सर टाळ्या वाजवत नसत. कधीच नाही. आमच्या मंडळाच्या गणपतीत चार-पाच वर्षांची पोरं फेटे बांधून, काजळाच्या मिशा काढून नाचली, सगळा हॉल दणाणून गेला, तरी सर आपले स्वेटरच्या खिशात हात घालून बसलेले. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला रागच आला. म्हटलं, काय हा माणूस, लेकरांच्या कौतुकालासुद्धा याचे हात खिशातून निघत नाहीत! पण पडदा पडल्यावर हेच गृहस्थ विंगेत गेले आणि एकेका मुलापुढे गुडघे टेकून काहीतरी सांगू लागले. माझ्या मुलीला म्हणाले, "तू दोनदा चुकलीस आणि दोन्ही वेळा हसून सावरून घेतलंस. ते मला फार आवडलं." ती म्हणाली, "थँक यू आजोबा. आय वॉज सो नर्व्हस." "मीही होतो," सर गंभीरपणे म्हणाले, आणि पुढच्या मुलाकडे वळले.

सर मूळचे कराडचे. तिथल्या एका कॉलेजात छत्तीस वर्षं त्यांनी युरोपचा आधुनिक इतिहास शिकवला. पत्नी गेल्या, घर खायला उठलं, तेव्हा मुलगा नितीन त्यांना ऑकलंडला घेऊन आला. बॉटनी डाउन्समधल्या आमच्या घरापासून त्यांचं घर चार मिनिटांवर. उंच, किडकिडीत अंगकाठी, पायात मोजे आणि मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपर, आणि चेहऱ्यावर कायम आपण कुणाच्या तरी वाटेत उभे आहोत की काय अशी काळजी. शॉपिंग सेंटरचा पार्किंग लॉट ओलांडताना ते प्रत्येक थांबलेल्या गाडीला नमस्कार करत. खिशात घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी असे. "हरवलो तर तुम्हाला त्रास नको," असं म्हणायचे. हा माणूस धीट होता असं कुणी मला तेव्हा सांगितलं असतं, तर मी हसले असते.

आता नितीनबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट नाही. नितीन तारळेकर आमच्या मंडळाचा अध्यक्ष. आणि पेनरोजला कंट्रोल पॅनल बनवणारी जी कंपनी आहे, जिथे मी ड्रॉइंग्ज करते, तिथला मॅनेजरही तोच. मला या देशात नोकरी त्याच्यामुळे लागली. आम्ही उतरलो त्या दिवशी विमानतळावर घ्यायला तोच आला होता, गाडीत लहान मुलीसाठी कार सीट आधीच बसवलेली. घर त्यानंच शोधून दिलं. एका सभासदाचे वडील इथे वारले, तेव्हा देह भारतात पाठवण्याची सगळी कागदपत्रं त्यानं दोन दिवस रजा टाकून केली. नितीननं उपकार केला नाही असं एकही घर आमच्या मंडळात सापडणार नाही. मी त्याला नितीनदादा म्हणते, आणि ते काही तोंडदेखलं नाही.

फक्त माझा व्हिसा त्या कंपनीला बांधलेला होता. नवऱ्याचा व्हिसा माझ्या व्हिसाला, मुलीची शाळा दोघांच्या व्हिसाला. रेसिडेन्सीचा अर्ज भरायचा होता, त्याला कंपनीचं पत्र लागणार होतं, आणि पत्रावर सही नितीनदादाची. त्या वर्षी रोज सकाळी उठल्या उठल्या मी व्हिसाचे उरलेले दिवस मोजायचे. नितीनदादानं कधी चकार शब्दानं मला धमकावलं नाही. त्याला गरजच नव्हती, ते काम माझं मीच करत होते.

सर आले त्याच वर्षी त्यांनी बॉटनीच्या लायब्ररीत ज्येष्ठांसाठी बुधवारचा वर्ग सुरू केला. आई-वडील इथे सहा-सहा महिने येऊन राहतात, मुलं कामावर गेली की भिंतीकडे बघत बसतात, म्हणून मंडळानं भजनाचा वर्ग ठरवला होता. पेटीवाले काका ऐनवेळी पुण्याला परत गेले आणि सरांच्या हाती रिकामी खोली आली. भजनाऐवजी त्यांनी फ्रान्सची राज्यक्रांती काढली. पहिल्या बुधवारी अकरा जण होते, दुसऱ्या बुधवारी पाच. उरलेल्या पाचांना मात्र वेड लागलं. मंडळाची कार्यवाह म्हणून मी एकदा हजेरी घ्यायला गेले आणि दुपारची रजा टाकून बसूनच राहिले.

सर शिकवायचे ते असं, की सगळं कराड तालुक्यात घडलंय. "हे बघा, आधी काय होतं? राजाला देवानं नेमलंय. मग पाऊस पडो न पडो, राजा बरोबर. तेवढ्यात काही रिकामटेकडी माणसं कॉफी प्यायला बसायला लागली आणि त्यांनी एकच शब्द विचारला. कशावरून? राजा मोठा, कशावरून? सरदाराला कर माफ, कशावरून? पुस्तकात लिहिलंय ते खरं, कशावरून? याला आम्ही ज्ञानोदय म्हणतो. परीक्षेत वीस मार्कांना येतो. पण आहे एवढंच, कशावरून." मग राजाचं डोकं उडालं, आणि बाया-माणसं गावभर नाचली, आणि वर्ष-दीड वर्षात नाचणाऱ्यांचीच डोकी उडू लागली, हेही त्याच सुरात. "राजाचं डोकं उडवणं सोपं हो. त्याची खुर्ची मोकळी राहिली की प्रत्येकाला वाटतं, तात्पुरतं मीच बसतो. शेवटी तोफखान्यातला एक हुशार अधिकारी बसला. आणि लोकांनीच बसवला बरं, मतं देऊन! कारण दमले होते बिचारे. कुणीतरी एकदाचं नीट चालवावं, एवढंच त्यांना हवं होतं."

वर्गात केळकर काकू होत्या, पंचाहत्तरीच्या, नाशिकच्या. त्या विणकाम करत ऐकायच्या. एकदा सुया थांबवून म्हणाल्या, "सर, त्या राणीला मुलं होती का हो? त्यांचं काय झालं?" बाकीचे हसले. सर हसले नाहीत. ते खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि राजपुत्राची हकिगत सांगितली, अंधाऱ्या कोठडीत ठेवलेल्या त्या दहा वर्षांच्या मुलाची. मग म्हणाले, "छत्तीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं हे विचारलं नाही, काकू."

मोठ्या माणसांमध्ये त्यांना फारसा रस नव्हता. नात ईशा शाळेत तेरावीला, म्हणजे इथल्या शेवटच्या इयत्तेत, तिला जर्मनीच्या हुकूमशाहीवर निबंध लिहायचा होता. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला असताना ती टेबलावर वैतागून म्हणाली, "आजोबा, जस्ट टेल मी, ऑल दिस वॉज वन बॅड गाय, राइट?" सर म्हणाले, "बॅड गाय सगळीकडे असतो गं. आपल्या सोसायटीतही होता एक. तू असं विचार, ज्या सभागृहात त्याला सगळे अधिकार दिले, तिथे बाकीचे शेकड्यांनी बसले होते. त्यांनी त्या दुपारी काय केलं?" ईशा म्हणाली, "दॅट्स हीप्स हार्डर." सर खूश झाले. माझ्याकडे वळून म्हणाले, "बरोबर बोलली. आणि वाईट माणसाला कुणी सगळे अधिकार देत नाही, अनघा. देतात ते चांगल्याला, उपयोगी पडणाऱ्याला." नितीनदादा त्याच टेबलावर पोळी वाढून घेत होता. तो म्हणाला, "बाबा, जेवा आता, आमटी निवतेय."

मग संस्थांसाठी नवा कायदा आला. इथल्या प्रत्येक नोंदणीकृत मंडळानं आपली घटना नव्यानं लिहून पाठवायची, नाहीतर नोंदणी जाणार. आमच्या मंडळात आधीच्या वर्षी भांडणांचा कळस झाला होता. गणपतीच्या जेवणात मसालेभात की पुलाव यावर समितीची बैठक चार तास चालली होती आणि दोन कुटुंबं अजून एकमेकांशी बोलत नव्हती. निवडणूक म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा येई. इतकी वर्षं बिनविरोध होतेय, याचा आम्हाला केवढा अभिमान! तेव्हा नव्या घटनेचा मसुदा आला तो असा: अध्यक्ष स्वतःहून पायउतार होईपर्यंत राहील, समिती अध्यक्ष नेमेल, आणि सभासदांना निर्णय व्हॉट्सॲपवर कळवले जातील. मसुदा नितीनदादानंच केला होता, शनिवार-रविवार बसून, एकट्यानं, कारण दुसऱ्या कुणालाही वेळ नव्हता. मी कार्यवाह म्हणून तो टाइप केला. टाइप करताना मला त्यात काही खटकलं नाही, हे मी कबूल करते. उलट सुटलो एकदाचे, असंच वाटलं.

सरांनी तो मसुदा माझ्याकडून मागून घेतला आणि दोन दिवसांनी परत दिला. समासात पेन्सिलीनं तीन ठिकाणी एकच शब्द लिहिला होता, कशावरून.

"सर, मंडळ आहे हो हे," मी म्हटलं. "गणपती, दिवाळी आणि एक पिकनिक. देश नाही."

"म्हणून तर," सर म्हणाले. "देशात नाही म्हणायला फार धैर्य लागतं. इथे सराव करायला काय हरकत आहे?"

त्या महिन्यातल्या एका शनिवारी मी त्यांना पुकेकोहेला घेऊन गेले. तिथे गुजराती आणि पंजाबी शेतकऱ्यांचे जुने मळे आहेत, रस्त्याकडेला कांदे-बटाटे स्वस्त आणि ताजे मिळतात, आणि सरांना नांगरलेली लाल माती बघायची हौस. परतताना मागच्या सीटवर मेथीच्या जुड्या होत्या, गाडीभर वास सुटलेला. मी सहज विचारलं, "सर, तुम्ही टाळ्या का वाजवत नाही हो?"

त्यांनी खिडकीची काच वर केली. मग म्हणाले, "पंचाहत्तर साली मी सत्तावीस वर्षांचा होतो. नोकरीत कायम झालो नव्हतो. राज्यशास्त्राला इनामदार म्हणून माझा सहकारी होता. आम्ही रोज एका डब्यात जेवायचो. आणीबाणी लागली आणि एका पहाटे त्याला घेऊन गेले. आठवड्यानं स्टाफची सभा झाली. सरकारच्या अभिनंदनाचा ठराव. प्राचार्य म्हणाले, टाळ्यांच्या गजरात मंजूर करू या."

"आणि तुम्ही?"

"वाजवल्या की. शेजारचा बघतोय असं वाटत होतं, म्हणून जरा जास्तच जोरात वाजवल्या. एकोणीस महिन्यांनी इनामदार सुटून आला. पहिल्याच दिवशी डबा उघडून म्हणाला, तारळेकर, भेंडी आहे, घे."

"काहीच विचारलं नाही त्यांनी?"

"नाही ना. विचारलं असतं तर बरं झालं असतं." मग म्हणाले, "टाळीत एक खोट आहे, अनघा. तिच्यात हो म्हणता येतं, जोरात म्हणता येतं, पण नाही म्हणता येत नाही. आणि कुणी मोजतही नाही. फार सोयीची चीज आहे ती."

मला भरून आलं. मोटरवेला लागताना मी म्हटलं, "सर, सभेत तुम्ही विरोध करणार असाल तर मी तुमच्याबरोबर आहे. मी हात वर करीन." माझ्याकडून कुणी हे वदवून घेतलं नव्हतं. सर घाबरल्यासारखे माझ्याकडे बघू लागले. म्हणाले, "तुझ्या कागदांचं होऊ दे आधी." मी म्हटलं, "नितीनदादा तसा नाही." "नाहीच आहे," सर म्हणाले. "माझाच मुलगा आहे तो." खिशातली पत्त्याची चिठ्ठी काढून त्यांनी ती पुन्हा नीट घडी घालून ठेवली. ज्या घरी ते परतत होते तिथली खोली, औषधं, डॉक्टरच्या वेळा, परतीचं तिकीट, सगळं नितीनच बघत होता. त्यांची काळजी माझ्याहून मोठी होती, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

सभा रविवारी जेवणानंतर होती, एका शाळेच्या हॉलमध्ये. श्रीखंड झालेलं, साठएक माणसं सुस्तावलेली, पोरं बाहेर बॉल खेळत होती. मी स्टेजच्या बाजूला टेबलाशी इतिवृत्ताची वही घेऊन बसले होते. नितीनदादानं नव्या घटनेचे मुद्दे दहा मिनिटांत सांगितले, छान सांगितले, दोन विनोदही केले. मी ठराव वाचला. सूचक झाले, अनुमोदक झाले. नितीनदादा म्हणाला, "चला तर, टाळ्यांच्या गजरात मंजूर करू या."

"अध्यक्ष महाराज," मागून आवाज आला. "मोजणी हवी."

सर उभे होते. हात खिशाबाहेर होते.

नितीनदादा हसला. "बाबा, आपण घरी बोलू ना." हॉलमध्येही हशा पिकला, मायेचाच होता तो.

"घरी तू मुलगा आहेस," सर म्हणाले. "इथे अध्यक्ष आहेस. म्हणून इथे विचारतोय. माझा ठरावाला विरोध आहे. अध्यक्ष चांगला आहे, त्याच्याविषयी तक्रार नाही. पण तो चांगला नसेल त्या दिवशी आपण काय करायचं, हे यात लिहिलेलं नाही. कृपा करून आधी विरुद्ध असलेल्यांना हात वर करायला सांगा." आणि त्यांनी आपला हात वर केला.

मला अजून तो हात दिसतो. स्वेटरची बाही कोपरापर्यंत घसरली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. मुद्दाम समोरच्या भिंतीकडे बघत राहिले, म्हणजे मला संकोच नको. आणि मी? मी खाली मान घालून वहीत लिहीत होते. काय लिहीत होते? तारीख. आधीच लिहिलेल्या तारखेखाली मी पुन्हा तारीख लिहीत होते. पेन धरलेला हात वर कसा करणार, असं काहीतरी माझ्या मनात चाललं होतं. हॉलमध्ये इतकी शांतता होती की बाहेरच्या बॉलचा आवाज येत होता. मग कुणीतरी, अगदी सद्भावनेनं, म्हाताऱ्या माणसाला अवघडून उभं राहावं लागू नये म्हणून, टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि सगळा हॉल वाजवू लागला. सुटका झाल्यासारखा. नितीनदादा म्हणाला, "मंजूर!" सर बसले. त्यांच्या शेजारी बसलेल्या केळकर काकूंनी त्यांना पाण्याची बाटली दिली.

सोमवारी कंपनीत स्मोकोच्या, म्हणजे चहाच्या सुट्टीत, मग घेऊन नितीनदादा माझ्या डेस्कशी आला. चेहरा ओढलेला होता. म्हणाला, "अनघा, इतिवृत्तात एकमताने मंजूर असंच लिही गं. बाबांचं नाव नको त्यात. लोक म्हणतील बाप-लेकात काहीतरी आहे. त्यांचंच हसू होईल, वय झालंय त्यांचं." आणि त्याच दमात म्हणाला, "आणि हो, तुझं रेसिडेन्सीचं लेटर रेडी आहे, दुपारी साइन करून देतो. स्वीट ॲज, ठीक ना?" त्यानं या दोन गोष्टी जोडल्या नव्हत्या, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्या माझ्या डोक्यात जोडल्या गेल्या. मी म्हटलं, "स्वीट ॲज." आणि रात्रीची वाट न बघता, जेवणाच्या सुट्टीतच टाइप करून टाकलं: ठराव एकमताने मंजूर.

बुधवारी सर लायब्ररीत भेटले. मी टाळत होते, त्यांनीच गाठलं. काउंटरवरच्या बाईंना रोजच्यासारखा "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून ते माझ्यापाशी आले. मी घाईघाईनं म्हणाले, "सर, इतिवृत्त ग्रुपवर टाकलंय. तुम्ही..." त्यांनी मान हलवली. वाचलं होतं. मी वाट बघत होते, की आता ते काहीतरी बोलतील आणि मी रडेन आणि एकदाचं मोकळं होईल. सर म्हणाले, "लेटर मिळालं का?"

"मिळालं."

"बरं झालं. आधी ते महत्त्वाचं." आणि पिशवीतून एक डबा काढला. "वड्या आहेत नारळाच्या. सूनबाईनं केल्यात. घे."

पुकेकोहेहून येतानाचं ते सगळं बोलणं मला आठवलं आणि मी तिथेच, पुस्तकांच्या कपाटाला टेकून, वडी हातात घेऊन उभी राहिले. ती मला खाताही येईना आणि ठेवताही येईना. सर मात्र वर्गात गेले. त्या दिवशी त्यांचा विषय होता न्यूझीलंडच्या बायका. साऱ्या जगाच्या आधी इथल्या बायकांनी सह्यांचे कागद चिकटवून-चिकटवून एक लांबलचक गुंडाळी केली आणि मताचा हक्क मिळवला, हे ते केळकर काकूंना सांगत होते. "पॅरिसमध्ये मानवाचे हक्क लिहिले, त्यात बायका राहूनच गेल्या होत्या, काकू. शंभर वर्षांनी त्या इथे सापडल्या. आणि ज्यांची ही जमीन होती, त्या माओरींशी केलेला करार मात्र तेच सुधारलेले लोक विसरून गेले. ज्ञानोदय म्हणजे एकदा दिवा लावला आणि झालं, असं नसतं."

मार्चमध्ये सर कराडला परत गेले. कायमचेच, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. घरात भांडण-तंटा काही नव्हता. विमानतळावर बाप-लेक बॅगेचं वजन, औषधांची चिठ्ठी, सिंगापूरला गेट कुठलं, यावरच बोलत होते. मी पाया पडायला वाकले तेव्हा धीर करून म्हणाले, "सर, मी त्या दिवशी..." सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मला दिसत होतं तुझं पेन. किती जोरात धरलं होतंस!" तेवढंच. मग प्रत्येक अधिकाऱ्याला नमस्कार करत ते आत गेले.

जूनमध्ये आमची रेसिडेन्सी आली. ऑगस्टमध्ये कराडहून फोन आला. सर दुपारी वाचत बसले होते, तसेच गेले. नितीनदादा पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी सगळं उरकलं होतं. तो परत आला तेव्हा केस एकदम पिकल्यासारखे दिसत होते, किंवा मी नीट कधी पाहिलेच नव्हते.

नव्या घटनेत बाकी काही नसलं तरी कायद्यामुळे वार्षिक सभा घ्यावीच लागे. तोच हॉल, तशीच माणसं. पहिला विषय सरांच्या श्रद्धांजलीचा. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. दुसरा विषय, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हा विषय आमच्याकडे अर्ध्या मिनिटात उरकतात, कुणी ऐकत नाही, लोक खुर्च्या सरकवत असतात. पार्किंगमध्ये गाडीत बसून मी ते वाक्य सात-आठ वेळा म्हणून पाहिलं होतं. एक गोष्ट इथेच सांगून टाकते. माझ्या पर्समध्ये रेसिडेन्सीच्या पत्राची प्रिंट होती. नसती, तर मी तोंड उघडलं असतं का, हे मला ठाऊक नाही. मला वाटतं, नसतं उघडलं.

"नवीन घटनेचा ठराव एकमताने मंजूर," इथपर्यंत मी वाचलं आणि थांबले. "हे चूक आहे. ते मी लिहिलं, आणि खोटं लिहिलं. ठराव एकमताने झाला नव्हता. तारळेकर सरांनी विरुद्ध मत दिलं होतं. माझी दुरुस्ती आहे, की त्यांचं मत नोंदवावं."

खुर्च्या सरकायच्या थांबल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "आता ते गेले अनघाताई, कशाला उकरून काढायचं?" दुसरं कुणी म्हणालं, "नितीनला काय वाटत असेल, जरा विचार कर." मी नितीनदादाकडे बघायचं टाळत होते. शेवटी पाहिलं. तो टेबलावरच्या अजेंड्याच्या कागदाकडे बघत होता.

"दुरुस्ती आली आहे," तो म्हणाला. "मोजून घेऊ. बाजूचे हात वर करा."

मी हात वर केला. हात किती जड असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. विणकाम मांडीवर ठेवून केळकर काकूंनी हात वर केला. मग त्यांच्या मागे, बुधवारच्या वर्गातले एक काका. नितीनदादानं मोजलं, पुन्हा मोजलं, जणू तीन हात मोजण्यात चूक होऊ शकत होती. मग विरुद्धचे हात. ते एका वेळी सगळे वर जाईनात, एकमेकांकडे बघत, कसनुसे होत, सावकाश गेले. काहींनी अर्धेच केले. नितीनदादा एकेकाकडे बोट करून मोजत होता, त्यामुळे कुणाला मध्येच खाली घेता येईना.

दुरुस्ती पडली. संध्याकाळी हॉल झाडून झाल्यावर, रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून मी इतिवृत्त लिहिलं. एखादी दुरुस्ती नामंजूर झाली तर ती कोणती, हे लिहावंच लागतं, त्याशिवाय नोंद पुरी होत नाही. म्हणून मी लिहिलं: "मागील सभेत प्रा. भास्कर तारळेकर यांनी घटनेच्या ठरावाविरुद्ध मत दिले होते, त्याची नोंद करावी, अशी कार्यवाहांची दुरुस्ती. बाजूने तीन. विरुद्ध सत्तेचाळीस. दुरुस्ती नामंजूर."

नितीनदादा सही करायला आला. त्यानं उभ्यानंच वाचलं, मग खुर्ची ओढून बसला आणि पुन्हा वाचलं. त्याचं बोट वडिलांच्या नावाखाली थांबलं होतं. मला वाटलं, आता हा कागद फाडतो.

"मधलं नाव राहिलं," तो म्हणाला. "भास्कर हरी. पूर्ण लिही."

मी जागा करून 'हरी' घातलं. त्यानं खाली सही केली, तारीख टाकली आणि खुर्च्या रचायला उठला.